मधली पानं

शोधनिबंध पहिल्या ओळीपासून वाचायचा नसतो, हे प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं: आधी सारांश, मग थेट निष्कर्ष, आणि गरज पडलीच तर मधली पानं. बायको थट्टा करायची, "तुम्ही रहस्यकथासुद्धा खुनी पकडला गेल्यावरच उघडाल." आता तिचे दोन्ही पाय बधिर झाले होते, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि थट्टा करण्याचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

प्राध्यापकांनी जंग जंग पछाडलं. लक्षणांची नावं उलटसुलट जोडून शोधलं, एका निबंधाच्या संदर्भसूचीतून दुसऱ्यात शिरले, आणि अखेर एका बंद पडलेल्या नियतकालिकात हुबेहूब तसाच आजार सापडला. सारांश जुळला. निष्कर्षात लिहिलं होतं, 'रुग्ण पूर्ण बरी झाली.' त्यांच्या जिवात जीव आला. "करून बघू, औषध तसं साधंच आहे," असं म्हणत डॉक्टरांनी त्याच दिवशी सलाइन लावलं.

मग तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी मधली पानं वाचायला घेतली.

'रुग्ण अविवाहित असून एकटी राहते. मात्र आपला नवरा प्राध्यापक आहे आणि तो आपल्या आजारावरचे निबंध शोधत असतो, असं ती ठामपणे सांगते; रिकाम्या स्टुलाकडे पाहून बोलते. उपचारांनी पायांत हालचाल येत गेली, तसतसा हा भासही विरला.'

निबंध त्यांच्या लग्नाच्याही आधी छापलेला होता.

सुई उपटून टाकावी, डॉक्टरांना हाक मारावी, असं त्यांच्या मनात आलं. ते अर्धवट उठलेही. तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, बघा ना!"

चादरीखाली तिचा अंगठा हलत होता. कित्येक महिन्यांनी ती हसत होती. प्राध्यापकांना भयंकर भीती वाटत होती, आणि तिच्यावर त्यांचा फार जीव होता. त्यांनी निबंधाची घडी करून खिशात घातली.

"हलव अजून," ते म्हणाले.

तिने दुसरा पायही हलवला, पण त्यांच्याकडे न बघता.

संध्याकाळी नर्स आली. "तुमच्या सोबतीला कोण आहे?"

एखादं नाव ओठांवर यावं आणि आठवू नये, तशी ती स्टुलाकडे बघत राहिली. "कोणी नाही," शेवटी ती म्हणाली. "मी एकटीच असते."

"मग हे घेते," म्हणत नर्सने औषधांचा ट्रे ठेवायला स्टूल पुढे ओढलं.

प्राध्यापकांना उठावं लागलं नाही.