इर्जिकीत विचारू नये ते

कार्ल्याला दोन चुलतभावांची भातखाचरं एकाच बांधाला लागून होती. बांध इतका अरुंद, की त्यावरून एका वेळी एकच माणूस जाई. अंबाजीचा मत्सर मात्र त्यावरून दिवसातून कितीही वेळा आरामात येऊनजाऊन असे.

अलीकडचं खाचर अंबाजीचं. तो पुण्याला शेतकी शाळेत शिकून आलेला. बी मिठाच्या पाण्यात बुडवून वर तरंगलेलं फेकून द्यायचं, रोपं दोरी धरून ओळीत लावायची, हे गावाला त्यानं दाखवलं. गाव आधी हसलं आणि खळ्यावर रास पाहिल्यावर गप्प झालं. पलीकडचं खाचर हौशीरामचं. त्याला शाळेचा रस्ता ठाऊक होता, कारण शाळेमागच्या ओढ्यात खेकडे चांगले मिळत.

पीक अंबाजीचं चांगलं, घर अंबाजीचं कौलारू, शब्द अंबाजीचा सरकारदरबारी. जमेची बाजू एवढी भरलेली असूनही दर आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायच्या वेळी, त्याच्या पोटात दुखायचं, ते हौशीरामच्या इर्जिकीमुळं.

सावड वेगळी आणि इर्जिक वेगळी. सावडीत आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या, असा चोख व्यवहार असतो. इर्जिकीत फक्त हाक द्यायची, येतील त्यांना दुपारी जेवू घालायचं आणि पुढचं सोडून द्यायचं. मजुरी नाही, परतफेड नाही. हौशीराम चावडीजवळ उभा राहून "उद्या आवणी हाय रं" एवढं म्हणायचा, आणि उजाडता उजाडता त्याच्या खाचरात पावसासाठी डोक्यावर घेतलेल्या इरल्यांची गर्दी व्हायची. जेवायला पावट्याची आमटी आणि जाडाभरडा भात. तरी लोक असे हसत असायचे, की जसं काही लग्नातच आलेत. अंबाजीकडे मजुरीवर येणारे तेच लोक उशिरा येत, लवकर जात आणि मधल्या वेळात तंबाखू मळत.

हेही त्यानं सोसलं असतं. पण गेल्या साली बांधावरून पाहताना त्या इरल्यांत एक इरलं त्याच्या ओळखीचं निघालं. खाली त्याची बायको, मुक्ताबाई, गुडघाभर चिखलात उभी राहून हसत होती. दात दिसेपर्यंत. ते दात अंबाजीनं लग्नानंतर फारसे पाहिले नव्हते.

"तिकडं कशाला गेलतीस?" त्यानं संध्याकाळी विचारलं.

"आवणीला."

"आपल्या शेतात आवणी न्हाई का?"

"हितं तुमी सांगता म्हून करते," ती भाकरी थापत म्हणाली. "तितं मला कुणी सांगितलं न्हवतं."

अंबाजीच्या मते हे उत्तरच नव्हतं. उत्तरात कारण असावं लागतं. घाटात नुकतीच विजेची इंजिनं सुरू झाली होती, आणि मळवलीच्या फलाटावर उभा राहून त्यानं ती नीट न्याहाळली होती. इंजिनाला कुणी गोंजारत नाही, हाका मारत नाही. वरच्या तारेतून वीज आली की अख्खी गाडी खंडाळ्याचा चढ चढते. माणसाच्या डोक्यावरही अशी एक तार असणारच. प्रेम, माया, आपलेपणा ही अडाण्यांनी तिला दिलेली नावं. हौशीरामला ती तार चुकून सापडली आहे. आपण ती शोधून काढू. मग गाव ज्याला हौशीरामचा गुण म्हणतं, तो गुण नसून युक्ती आहे हे सगळ्यांना दाखवू. हा शेवटचा भाग अंबाजीला शास्त्रापेक्षाही जास्त गोड वाटायचा.

यंदा त्यानं प्रयोग मांडला. हौशीराम आमटी घालतो, तर आपण मटण घालू. बोकड पाहून घेतला, कापायला नूरमहंमद मुलाण्याला सांगितलं आणि त्यालाही आवणीचं आवतण दिलं. हौशीराम गातो, म्हणजे बैल हाकल्यासारखे मोजून दोन सूर सोडतो. तर आपण लोणावळ्याच्या भजनी मंडळातला दत्तोबा आणू, ज्याच्या गळ्याला बाजारपेठेतले व्यापारीही मान डोलावत. वार गेल्या साली हौशीरामनं धरला तोच, वेळ तीच, हाकसुद्धा चावडीजवळूनच. घरोघर निरोप गेला. गेला नाही तो एकाच घरी.

"हौशीभावजींना सांगितलं न्हाई?" मुक्ताबाईनं विचारलं.

"प्रयोगात भेसळ नको," अंबाजी म्हणाला.

आणि लोक आले. खरोखरच आले, भरपूर आले. अंबाजीचा हात कपाळावर गेला तो घाम पुसायला नव्हे, इतकी इरली एकदम मोजायची सवय नव्हती म्हणून. दत्तोबा बांधावर बसून गात होता, दोरी सरकत होती, हिरव्या ओळी वहीतल्यासारख्या सरळ उमटत होत्या. पुढच्या कामाला अडथळा नको म्हणून अंबाजीनं सगळं रोप सकाळीच उपटून मुठी बांधून घेतल्या होत्या. दुपारपर्यंत निम्मं खाचर लागलं. शहाणा माणूस इथं देवाला हात जोडून गप्प राहिला असता.

पण अंबाजीला चैन पडेना. लोक आले ते नेमके कशानं? मटणानं, की दत्तोबानं? हे कळल्याशिवाय तार हाती लागली असं कसं म्हणायचं? आणि तार हाती लागल्याशिवाय हौशीरामचं मोठेपण खोडायचं कसं?

पंगत बसली. मटणाचा वास ओसरीभर होता. अंबाजी वाढता वाढता नूरमहंमदपाशी थांबला.

"नूरभाई, एक इचारतो. तुमी आज कशापायी आलात? मटणासाठी, का गाण्यासाठी?"

नूरमहंमद हसला. "आलो म्हणून आलो."

"तसं न्हाई. एक कायतरी सांगा. समजा, मटण नसतं, तर आला असता?"

नूरमहंमदचा घास हातातच राहिला. शेजारी झुंबरबाई बसली होती, अंबाजीची लांबची आत्या, जिच्या हातानं गावात निम्म्या पोरांना जगात आणलं होतं. तिनं मान वर केली.

"म्हंजी मी तुझ्या दारी गिळाया आले व्हय रं, अंब्या?"

"न्हाई आत्या, तसं कुटं म्हणतोय? मी फकस्त कारण इचारतोय. शास्त्राला कारण लागतं."

"लागतं ना? मग ऱ्हायलेलं आवण शास्त्राकडून लावून घे."

असं म्हणून तिनं पानावर पाणी सोडलं आणि उठली. पंगतीतून एक उठला की पंगत उठते. नूरमहंमदनं घास पानात ठेवला. मग एकेक जण उठला. भांडण नाही, शिवी नाही. इरली भिंतीवरून उचलली गेली. दत्तोबानं आधीच दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं, म्हणून तो तेवढा बसून राहिला.

अंबाजी खाचरावर आला. निम्म्या खाचरात मुठी पाण्यात विखुरलेल्या होत्या आणि नेमकं तेव्हाच ढग फाटून ऊन पडलं. उपटलेलं रोप उन्हात कसं कोमेजतं आणि का, हे त्याला पुस्तकासकट पाठ होतं. मजूर मिळायचे नाहीत. सगळ्या मावळात आवणी चालू. वर्षाचा भात त्या मुठींत होता. मुक्ताबाई पदर खोचून एकटीच लावत होती. तोही उतरला.

"असं दोघंच लावत बसलो तर दिवाळी हितंच व्हायची," ती म्हणाली.

"मग काय करू?"

तिनं नुसतं बांधाकडं पाहिलं.

अंबाजीनं मनात दोन्ही पारडी धरून पाहिली. एकात सगळं रोप, दुसऱ्यात हौशीरामच्या दारी जायची लाज. कितीतरी वेळ रोपाचं पारडं वरच राहिलं. मग एका मुठीची पात वाकून पाण्याला टेकलेली त्यानं पाहिली आणि तो बांध ओलांडून गेला.

हौशीराम अंगणात फाटलेलं इरलं विणत होता. पंगत उठल्याचं त्याला कळलं असणारच. कार्ल्यात अशी बातमी माणसाआधी घरी पोचते.

"ये," तो म्हणाला. "च्या घेतोस?"

अंबाजीनं वाटेत तीन वाक्यं जुळवली होती. बोलला ते चौथंच.

"तुला आवतान दिलं न्हवतं मी," तो म्हणाला.

"व्हय, ठाव हाय."

"का दिलं न्हाई, ते इचारणार न्हाईस?"

"ऊन पडलंय अंब्या. रोप उपटलंस न्हवं? चल."

आणि इरलं तिथंच टाकून तो उठलासुद्धा. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या, निदान एक टोमणा, तर अंबाजी हलका झाला असता. देणं-घेणं फिटलं असतं. हा माणूस फेडायलाही काही ठेवत नव्हता, आणि त्याच्या पाठीमागून बांधावरून चालताना अंबाजीला त्याचा पूर्वी कधी आला नव्हता इतका राग आला.

हौशीराम खाचरात उतरला, मूठ सोडली आणि गायला लागला. जेवून बांधावर परतलेल्या दत्तोबानं कानांवर हात ठेवले. गाणं गावभर गेलं. थोड्या वेळानं वाटेवर झुंबरबाई दिसली.

"ह्याचं बेसूर ऐकून डोळा लागंना," ती कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली आणि चिखलात उतरली. मागून आणखी आले. सकाळएवढे नाहीत. नूरमहंमद आला नाही. काही काम निघालं की मनाला लागलं, ते अंबाजीनं कुणाला विचारलं नाही.

त्यानं लाजेनं दोरी गुंडाळून ठेवली होती.

"दोरी कुटं गेली रं?" झुंबरबाई म्हणाली. "आण हिकडं. वळीत लावल्यालं असलं की तण बेणाया सोपं जातं. तेवढं तुझं शास्तर खरं हाय."

अंबाजीनं दोरी ताणली. त्याच्या शास्त्राला गावात कुणी तोंडावर खरं म्हणण्याची ही पहिलीच वेळ, आणि म्हणताना म्हातारी हौशीरामकडं पाहून हसत होती. तेही त्यानं टिपलं.

ओळ पुढे सरकत गेली. शेजारच्या रांगेत मुक्ताबाई कशाला तरी हसली, आणि अंबाजीनं कशाला ते विचारलं नाही. तो हौशीरामच्या वाकलेल्या पाठीकडं पाहत होता. तार अजूनही दिसत नव्हती. दिसायचं ते एवढंच, की हा गडी ध्रुवपदाला येताना प्रत्येक वेळी सूर उतरवतो, आणि तोच सूर पकडायला सगळं खाचर थांबलेलं असतं.

या खेपेलाही त्यानं उतरवला. अंबाजीला तो कानाला बोचला. मग सगळ्यांबरोबर, आणि सगळ्यांच्या किंचित मागून, त्यानंही तोच सूर ओढला.