गाडी पायजे

दैवशालानं बादली फरशीवर रिती केली आणि खराटा जोरात फिरवला. बाहेर पत्र्याच्या उंच छताखाली विजेवरच्या दोन मोटारी वायरी लावून उभ्या होत्या. त्यांतली माणसं यंत्रातला चहा कागदी पेल्यांतून पीत होती.

तो चहा तिच्या हातचा असायला हवा होता. देवगाव फाट्याजवळ हे चार्जिंग स्टेशन उभं राहत होतं तेव्हा खड्डे खणणारे, केबल ओढणारे सगळे तिच्याच झोपडीत जेवले. उन्हाळाभर तिनं चुलीपुढं भाकरी थापल्या. "कँटीन तुमचंच, मावशी," सुपरवायझर बालाजी दर जेवणाला म्हणायचा. झोपडी रस्त्याच्या हद्दीत येते म्हणून मोडली, तेव्हाही तो तेच म्हणाला. मग उद्घाटनाच्या आदल्या दिवशी टेम्पोतून यंत्र उतरलं. तिनं विचारलं, तर बालाजीनं मान वर न करता संडासाची किल्ली पुढं केली. तिनं ती घेतली.

"दैवशाला, अगं ए!"

दारात मेंढरंवाली बायनाबाई उभी होती. मजुरांच्या चहाला दूध लागायचं ते हिच्याच शेळ्यांचं. मागं तिची सून राजेश्री, कमरेवर हात ठेवून, ओठ आवळून. दिवस भरत आलेले.

"हिला जरा आत जाऊ दे, माय. लय अवघडलीय. समद्या रानाला तारा ठोकल्यात, आडोसा कुठं ऱ्हायला?"

दैवशालानं खराटा भिंतीला टेकवला. चौकटीच्या वर कॅमेरा होता. मागं एका वाटसरू बाईला आत सोडलं म्हणून बालाजीनं चारचौघांत तिला झाडलं होतं. पुन्हा असं झालं तर किल्ली ठेवायची आणि घर गाठायचं, असं बजावलं होतं.

"गाडीवाल्यांसाठीच हाय," ती फरशीकडं बघत म्हणाली.

"अगं, मी हाय. बायना."

"वळखलं की. पण गाडी पायजे."

बायनाबाई एक पाऊल पुढं आली. आता ही शिव्या घालणार, असं दैवशालाला वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण बायनाबाईनं सुनेचा दंड धरला, "चल बाई," एवढंच म्हणाली, आणि दोघी रस्त्याकडं वळल्या.

वाहनं थांबेनात. दुभाजकावर दोघी बराच वेळ ताटकळल्या. पलीकडं पोचल्यावर उतारावर सून खाली बसली. बायनाबाईनं खांद्यावरचं घोंगडं सोडलं, दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि रस्त्याला पाठ करून उभी राहिली. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. ती हलली नाही.

"मावशी, स्वच्छ आहे ना आत?"

मोटारीतली बाई रुमाल नाकाला लावून उभी होती.

"हो मॅडम, आत्ताच धुतलंय," दैवशाला म्हणाली. इतकं शुद्ध आपल्याला बोलता येतं, हे तिलाच ठाऊक नव्हतं. तिनं दार पुरतं उघडलं आणि बाई आत जाईपर्यंत धरून ठेवलं.