शेऱ्याचा रकाना

तिने खडा चिमट्याने उचलला, तराजूच्या काचेच्या पेटीत ठेवला, दार लावलं आणि आकडा स्थिर व्हायची वाट पाहत बसली. ही तिसरी वेळ. आकडा तिसऱ्यांदाही तोच आला.

“तीनदा तोलल्याने दगड घाबरून वेगळं वजन सांगत नाही, मॅडम,” समोरच्या खुर्चीतून सर म्हणाले.

सर तिचे सासरे. संग्रहालयाच्या फाटकाबाहेर ते ‘बाबा’ आणि ती ‘तू’. फाटकाच्या आत ते ‘सर’ आणि ती ‘मॅडम’, तेही अशा सुरात की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी ते रोज दहाच्या ठोक्याला येत. खोली त्यांची राहिली नव्हती, खुर्चीही नव्हती. पण कपाटाची एक किल्ली अजून त्यांच्या खिशात होती, आणि किल्लीवाल्याला उठवायचं धाडस कोणत्या संचालकाने केलंय?

“छापील निबंधात एक ग्रॅम आठशे चाळीस मिलिग्रॅम आहे,” ती म्हणाली. “आज बरोबर दोन ग्रॅम भरतोय.”

“तराजू नवा आहे.”

“तराजू काल तपासून घेतलाय.”

“मग वाढलं असेल वजन.”

“माणसाचं वाढतं, सर. दगडाचं नाही वाढत.”

सरांनी आपल्या पोटाकडे पाहिलं नाही, पण बसण्याची ढब बदलली.

खडा नखाएवढा, निळा. संग्रहालयात त्याला ‘धाकटी’ म्हणत, कारण ‘थोरली’ आधीपासून होती. थोरली हे दुर्मीळ सिलिकेट, जगात चार-पाच ठिकाणीच सापडणारं. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे बारीक चौफलक, म्हणजे चार बाजूंचे ठोकळे, कोपऱ्याला कोपरा लावून त्यात पत्रे तयार करतात, आणि पत्र्यांमधल्या मोकळ्या जागेत पाणी राहतं. थोरलीच्या सूत्रात पाण्याचे चार रेणू. सरांनी चौतीस वर्षांपूर्वी जो खडा तपासला त्यात दोनच निघाले. पाणी कमी म्हणून पत्रे एकमेकांजवळ सरकलेले, घनता जास्त, निळा रंग जवळजवळ काळपट. पाणी वेगळं, मांडणी वेगळी, तेव्हा खनिज वेगळं. सरांनी निबंध लिहिला आणि नव्या खनिजाला नाव दिलं. खनिजाला स्वतःचं नाव द्यायचं नाही असा या लोकांत संकेत आहे. सरांनी आईचं दिलं. आईचं पहिलं नाव नव्हे, आडनाव.

आता जगभरच्या खनिजांच्या यादीची नवी आवृत्ती निघत होती आणि संशयितांत धाकटी होती. जगात एकच खडा, दुसरा कुठेच सापडलेला नाही. पुन्हा तपासून महिनाअखेर कळवा, नाहीतर नाव कमी करू, असं समितीचं पत्र आलं. संचालकांनी ते काम सुनेकडे दिलं, कारण थोरलीवर पीएच.डी. केलेली इमारतीत ती एकटीच. आणखी एक कारण होतं: संचालकांना भांडण बघायला आवडायचं, करायला नाही.

तिने गेल्या आठवडाभर सगळं तपासलं होतं. घनता थोरलीची. पत्र्यांमधलं अंतर थोरलीचं. पाणी चार. रंगसुद्धा मोकळा, स्वच्छ निळा. धाकटीच्या डबीत धाकटी नव्हतीच.

“हा तुमचा खडा नाही,” ती म्हणाली.

“मग कोणाचा?”

“थोरलीचा. कोणीतरी बदललाय. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे.”

सर उठले. छत्री घेतली. पाऊस नसतानाही ते छत्री घेत. बोट दाखवायला बरी पडे. तिचं टोक त्यांनी डबीकडे रोखलं.

“सून म्हणून घरात घेतली,” ते म्हणाले, “पोलीस म्हणून नाही.”

संध्याकाळच्या जेवणाला ताटावर तिघं होती. तिचा नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगणारा हा माणूस घरी आला की स्वतःचं फक्त घास घालायला उघडत असे. आज त्याने जरा प्रयत्न केला.

“एका दगडावरून किती दिवस चालणार आहे हे?”

“मला चोर म्हणाली,” सर म्हणाले.

“मी चोर नाही म्हणाले, बाबा. बदलला म्हणाले.”

“फरक सांग.”

“चोर वस्तू घरी नेतो.”

नवऱ्याने ताटाकडे पाहिलं. सरांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत, पुन्हा ठेवला.

“नमुने बिघडवायची परंपरा तुझ्या माहेरची आहे,” ते म्हणाले. “माझ्या घरची नाही.”

तिने हातातला घास खाली ठेवला नाही. सावकाश चावून खाल्ला. पंधरा वर्षांत हे वाक्य तिने निरनिराळ्या वेष्टनांत ऐकलं होतं. आज नुसतंच आलं.

तिचे वडील, अप्पा, याच संग्रहालयात नोकरीला होते. नमुने सुकवायचा ओव्हन त्यांच्याकडे, म्हणून सगळे त्यांना ओव्हनमामा म्हणत. ती चौथीत असताना एक मार्चला त्यांना तिथून उठवून फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं. आदेशात लिहिलं होतं, ‘कामातील हलगर्जीपणाबद्दल’. कोणता हलगर्जीपणा ते लिहिलं नव्हतं, आणि अप्पांनी विचारलं नाही. अठरा वर्षं स्टुलावर बसून त्यांनी तिकिटं फाडली. खाली सही सरांची होती. पुढे सरांच्या मुलाने ओव्हनमामाच्या मुलीशीच लग्न ठरवलं तेव्हा सर दोन दिवस जेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी जेवले; भूक तत्त्वाला फार दिवस विचारत नाही.

अप्पांना मात्र तेव्हापासून एक खोड लागली. चुलीवर काहीही चढवायचं तर आधी विचारायचे, “ठेवू ना?” दूध असो, पाणी असो. आई होती तोवर वैतागायची, “ठेवा हो, मला काय विचारता?” तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने निबंधातला जुना फोटो भिंगाखाली धरला आणि शेजारी खडा. डाव्या कोपऱ्यावर एक टवका उडालेला. टवक्याची कड फोटोत होती तशीच खड्यावर, तीन पायऱ्यांची. खडा तोच होता. कोणी बदलला नव्हता.

म्हणजे तिचा आरोप खोटा होता. तिने तो मनातल्या मनात मागे घेतला. तोंडाने घेण्याची घाई केली नाही.

खडा तोच, पण तेव्हा त्यात पाणी दोन आणि आज चार. तिने मान वर केली. समोरच्या भिंतीवर सरांच्या वळणदार अक्षरातली पाटी अजून होती: ‘वजनाच्या खोलीत येणारी प्रत्येक वस्तू आधी ओव्हनमध्ये. एकशे दहा अंश. अपवाद नाही.’ नियम खडकाच्या भुकटीसाठी चांगला होता. भुकटीला बाहेरचा दमटपणा लागलेला असतो, तो काढूनच तोलावं लागतं. पण सर अपवाद न मानणारे. त्या काळी लोक म्हणत, सरांकडे पाहुणा आला तरी त्याला आधी ओव्हनमध्ये ठेवतील.

ती तळघरात गेली. या संग्रहालयात काहीच फेकत नसत. फेकायचं तर कोणाच्या तरी सहीने, आणि सही करायला कोणी धजत नसे. ओव्हनच्या नोंदवह्या सुतळीने बांधून रॅकवर पडल्या होत्या. चौतीस वर्षांपूर्वीची वही सापडायला तास गेला. तारीख, ट्रे क्रमांक, अंश, ठेवल्याची वेळ, काढल्याची वेळ. शेवटचा रकाना शेऱ्याचा, जो जगातल्या कुठल्याच साहेबाने कधी वाचलेला नाही.

ट्रे सात. एकशे दहा अंश. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ. शेऱ्यात अप्पांचं मुंग्यांसारखं अक्षर होतं:

‘भुकटी नाही, आख्खा खडा. ठेवू ना, विचारलं. सर ठेव म्हणाले.’

 ती वही बगलेत धरून वर आली.

थोरली दोन रात्री ओव्हनमध्ये राहिली आणि धाकटी झाली, एवढीच गोष्ट होती. माणसाने ओव्हनमध्ये घडवलेली वस्तू खनिज म्हणून मोजत नाहीत. पण ती वाळलेली वस्तू पुन्हा चार पाण्यांची कशी झाली? कपाटाच्या खणांत दमटपणा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या असत, आणि त्या दर महिन्याला बदलायचं काम सर कोणालाही करू देत नसत. खणात पाणी शिरणं शक्य नव्हतं. खडा कोणीतरी मुद्दाम ओल्या फडक्याबरोबर बरणीत ठेवला होता. आणि जो ठेवतो तो रोज तोलतोही. नाहीतर ठेवायचाच कशाला?

सर दहाला आले. छत्री टांगली. तिने टेबलावर कोरी चिठ्ठी ठेवली होती.

संग्रहालयाचा हा जुना रिवाज. नमुन्याची ओळख बदलली तर जुनी चिठ्ठी फाडायची नाही. तिच्यावर नवी ठेवायची, आणि खाली दोन ओळी: निश्चिती कोणाची, कधी. डबीत चिठ्ठ्यांची चळत साठते आणि पुढच्याला कळतं की कोण कधी चुकलं, कोणी कधी सुधारलं.

“खडा तोच आहे, सर,” ती म्हणाली. “टवका जुळला.”

“हं. मग माफी?”

“लेखी देते. ही चिठ्ठी.” तिने पेनाचं टोपण काढलं आणि म्हणत म्हणत लिहिलं. “थोरली. पूर्वी ओव्हनमध्ये सुकल्यामुळे चुकीने वेगळी मानलेली. पाणी परत भरलेलं. निश्चिती माझी, तारीख आजची.”

सर चिठ्ठीकडे पाहत राहिले. धाकटी गेली याचं त्यांना आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. त्यांची नजर पहिल्या तीन वाक्यांवरून सरकली आणि शेवटच्या दोन ओळींवर अडली.

“निश्चिती तुमची?”

“मीच तपासलाय.”

“पदार्थाचं पाणी कसं मोजतात ते तुम्हाला मी शिकवलं, मॅडम.”

“शिकवलंत. पण हे तुमच्या लक्षात आलं नसावं. होतं वयाने असं.”

हे शेवटचं तिने पेनाकडे बघत म्हटलं.

सर उठले. स्वतःच्या खणाशी गेले, तळाच्या कागदांखालून एक छोटी निळी वही काढली आणि तिच्यासमोर टाकली. बोटाने एक पान उघडलं. आठ ओळी, आठ वजनं. पहिलं एक ग्रॅम आठशे चाळीस. रोज थोडं थोडं वाढत शेवटच्या दोन दिवशी दोन ग्रॅम.

“आठ दिवस बरणीत ठेवून तोललाय मी. तुमचा हा शोध मला लागला तेव्हा तुम्ही तिसरी-चौथीत असाल.”

“चौथीत होते,” ती म्हणाली.

“मग? दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर लावायचं नाही, एवढंही शिकवलं होतं.”

“बरोबर.” तिने पेन आणि दुसरी कोरी चिठ्ठी त्यांच्यापुढे केली. “तुम्हीच लिहा.”

सरांनी खुर्ची पुढे ओढली. चष्मा पुसला. नव्या चिठ्ठीवर त्यांनी पाटीवरच्याच वळणदार अक्षरात लिहिलं. आईचं आडनाव असलेलं खनिज स्वतःच्या हाताने एका ओळीत संपवलं.  निश्चितीपुढे स्वतःचं नाव. वही पाहून तारीख घातली: एकतीस वर्षांपूर्वीची, अठ्ठावीस फेब्रुवारी. मग सही केली, आणि सून हरली असं त्यांच्या चेहऱ्यावर थोडा वेळ दिसलं.

तिने शाई वाळू दिली. चिठ्ठी कॉपीच्या यंत्रावर ठेवली. मग नोंदवही खणातून काढून शेऱ्याच्या रकान्याचं पान ठेवलं. यंत्राचा उजेड दोनदा सरकला, आणि पुन्हा दोनदा.

“दोन प्रती कशाला?” सर म्हणाले.

“एक समितीला.”

“आणि?”

“एक घरी.”

“घरी कशाला? मी आहे की घरी.”

“तुमच्या नाही,” ती म्हणाली. “माझ्या.”

सरांनी हात पुढे करून चिठ्ठी जवळ ओढली. अठ्ठावीसवर बोट ठेवलं. ते वर्ष लीप नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक मार्च, अप्पांच्या आदेशाचा दिवस. त्यांनी नोंदवहीच्या उघड्या पानाकडे पाहिलं, पण वाचायला चष्मा लावला नाही.  मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. तिने ती उचलली नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत ती अप्पांच्या दोन खोल्यांत पोहोचली. त्यांनी कागद खिडकीपाशी नेऊन वाचले, आधी स्वतःचं अक्षर, मग सरांचं. सरांचं दोनदा वाचलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे उगाच एकदा पाहिलं, त्या वर्षाचं नव्हतं तरी. कपाटातून जुना आदेश काढला, घड्यांवर झिजून चार तुकडे व्हायला आलेला, आणि नवे कागद त्याच्यात घालून सगळं पुन्हा जागेवर ठेवलं.

“छान अक्षर आहे त्यांचं,” ते म्हणाले. “अजून.”

मग स्वयंपाकघरात गेले. नळ वाजला. पातेलं हातात घेऊन ते दारात आले आणि तिच्याकडे बघत उभे राहिले, विचारायला तोंड किंचित उघडून.

तिने मान खाली घातली आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. काही हरवलं नव्हतं. तरी ती शोधत राहिली, एक कप्पा, दुसरा कप्पा, वर न बघता. शेगडी पेटल्याचा आवाज येईपर्यंत.