निबियाच्या हातातला पेला

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे, भोपळा वाळवून कोरलेला. उरुग्वेतल्या पायसांदू गावी निबियाच्या घरात माझं आयुष्य गेलं. माझ्यात कडू पाला भरायचा, वर गरम पाणी ओतायचं आणि सगळ्यांनी एकाच नळीने पाळीपाळीने प्यायचं, ही आमच्याकडची रीत. ओतणारा एकच असतो. तो मान निबियाचा. चव टिकावी म्हणून पाल्याची एक कड कोरडी ठेवावी ती तिनेच.

पुढे तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार झाला. पाय जड झाले, हाती काठी आली. "पाय गेले म्हणून हात गेले नाहीत हं!" असं ती नवऱ्याला, रुबेनला, दटावायची आणि ओतत राहायची.

मग ती मला धरून मध्येच गप्प होऊ लागली. नजर भिंतीवर, ओठ नुसतेच हलायचे. मिनिटभराने भानावर यायची. पेला हातात अडवून धरणाऱ्याची आमच्याकडे हमखास चेष्टा होते. रुबेन ओरडायचा, "अगं, तो पेला आहे, माईक नव्हे! भाषण आटप नि दे इकडे!" सगळे हसायचे. आजाराचा थकवा, दुसरं काय, असं ठरून गेलं. तिच्या बोटांतली थरथर मला कळत होती. पण मला तोंड आहे, वाचा नाही.

एका रविवारी ती तशीच थांबली आणि थर्मासमधलं पाणी ओततच राहिली. मी भरून वाहिलो. तिची मांडी भाजली, तरी तिने हूं की चूं केलं नाही. रुबेनचं हसू तिथेच मावळलं.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा आलेख काढला. "हा थकवा नाही, अपस्माराचे झटके आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदूवर व्रण पडतात, त्यामुळे काहींना असे झटके येतात. सगळ्यांना नाही, पण इतर लोकांपेक्षा जास्त जणांना. आधी का नाही सांगितलंत?"

"आम्ही हसत होतो हो," रुबेन म्हणाला.

औषधं सुरू झाली, ओतणं बंद झालं. सहा महिने झटका आला नाही तर थर्मास परत देईन, असं रुबेनने तिला वचन दिलंय. तोवर तो ओततो. माणूस चांगला आहे, पण तिच्या बोटांची मला फार आठवण येते.

काल पिता पिता ती थबकली. कुणी हसलं नाही. रुबेनने घड्याळ पाहिलं, थर्मास लांब सरकवला.

"अरे मेल्या, चव घेतेय! सगळा पाला भिजवून ठेवलायस!"

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी असं मध्येच हरवलं, तर हसू नका. गरम भांडं बाजूला करा, वेळ बघा, डॉक्टरांना सांगा.

पाच महिने झालेत. एक उरलाय.