वरच्या घरासमोरचा पडदा

नदीला पडदे लावायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त दात काढले ते धाकटीनं. धाकटी म्हणजे कुणी पोर नव्हे. पंचावन्नच्या पुढची बाई, निम्मं डोकं पांढरं, गुडघे कुरकुरणारे. पण शेजारच्या घरात तिची थोरली जाऊ राहायची, आणि थोरली धडधाकट असेपर्यंत धाकटीला बढती मिळत नाही. त्यामुळे अख्ख्या गल्लीत ती धाकटी ती धाकटीच.

तिची लॉन्ड्री होती. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मागच्या खोलीत संसार आणि त्याच्या मागे कपडे वाळत घालायचं अंगण. म्हणजे एके काळी होतं. दर पुराला नदी त्याचा लचका तोडत गेली, आणि आता तारेचा शेवटचा खांब अगदी कडेवर येऊन उभा होता. हॉटेलच्या चादरी वाळत घालायला धाकटीचा नवरा कमरेला दोर बांधून जायचा आणि दुसरं टोक धाकटी धरून बसायची. आणखी एक मोठा पूर, की मागची खोली जाणार आणि खोलीबरोबर धंदाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. रात्री दरड कोसळल्याचा आवाज आला की ती उठून भिंतीला हात लावून बघायची. पण भीती वाटते असं तोंडानं म्हणेल तर ती धाकटी कसली!

तिला माणसं कपड्यांवरून कळायची, आणि म्हणून एकही माणूस आवडायचा नाही. वळणावरचा टायरवाला मोठा दिलदार म्हणून मिरवायचा, पण त्याच्या बनियनला भोकांपेक्षा कापड कमी. मास्तर सभेत स्वच्छतेवर बोलायचे आणि त्यांची कॉलर दोनदा घासूनही निघायची नाही. थोरलीबद्दल तर विचारायलाच नको. थोरली आपले कपडे धाकटीकडे टाकतच नसे, चार गल्ल्या ओलांडून दुसऱ्या लॉन्ड्रीत द्यायची. अंगाचा तिळपापड व्हायला एवढं पुरेसं होतं.

लोकांना हवी होती भिंत. आधी एक भिंत बांधून झाली होती, चांगली दगडी. नदीनं तिच्याशी भांडण केलंच नाही, खालची माती काढून घेतली आणि भिंत आपल्या पायांनी पाण्यात उतरली. तरी गल्लीला पुन्हा भिंतच हवी. का? तर भिंत दिसते. तिच्यावर नावाची पाटी लावता येते, संध्याकाळी बसून पाय हलवता येतात. नदीच्या ऑफिसानं मात्र एक तरुण इंजिनीयर बाई पाठवली आणि तिनं सांगितलं, भिंत नाही, बांबू.

टायरवाल्याच्या दुकानात सभा भरली. मॅडमनी एका परातीत वाळू पसरली, तांब्यानं पाणी सोडलं, तिरक्या काड्या रोवून दाखवल्या. म्हणाल्या, नदीला अडवायचं नाही, तिला दुसरी वाट दाखवायची. काठापासून आत पाण्यात तिरके पडदे उभे करायचे, वरच्या अर्ध्या भागाला चटया आणि खाली मोकळं. वरचं जोरकस पाणी चटयांना लागून मधल्या धारेकडे वळतं, खालचं मंदावतं आणि पडद्यामागे गाळ टाकून जातं. दोन पूर जाऊ द्या, गाळावर लव्हाळं रुजू द्या, काठ आपोआप बाहेर सरकेल. तोवर एका बांबूलाही हात लावायचा नाही. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, की ज्याच्या घरासमोर पडदा आहे त्याच्यासाठी तो नसतो. धार वळते ती पुढे जाऊन. वरच्या घरासमोरचा पडदा खालच्या घराला राखतो.

हे सगळं धाकटीच्या कानावर पडलं, पण जे विकत घ्यायचं नाही त्याची किंमत माणूस ऐकतो तसं. तिचं सारं लक्ष मॅडमच्या शर्टावर होतं. पाठीवर ही एवढी चुणी, बाही वेगळीच दुमडलेली, आणि ही बाई नदीला सरळ करणार! तिनं शेजारणीच्या कानात सांगितलं की नदीला पडदे लावायला ते काय न्हाणीघर आहे, आणि तेही अर्धेच, कापड संपलं वाटतं. शेजारीण तोंडावर हात धरून हसली. थोरली कोपऱ्यातल्या टायरवर बसून परातीकडे टक लावून बघत होती. तिला काय कळणार, असं वाटून धाकटीनं नाक मुरडलं.

पडदे उभे राहिले. वळणावर टायरवाल्यासमोर पहिला, मग थोरलीच्या घरासमोर, मग धाकटीच्या, मग पुढे ओळीनं. पूर आला. गल्ली काठावर जमली, पडदे कधी वाहून जातात ते बघायला, आणि टायरवाल्यानं तर पैजही लावली. पडदे वाकले, कण्हले, पण उभे राहिले. धार थोरलीच्या अंगणापाशी यायची, बिचकायची आणि मधे निघून जायची. पाणी ओसरलं तेव्हा धाकटीच्या शेवटच्या खांबापलीकडे करड्या गाळाची चांगली ऐसपैस पट्टी पडली होती. नवऱ्यानं कमरेचा दोर सोडला. तो दारामागच्या खिळ्याला टांगताना त्याचे डोळे भरून आले, तर धाकटी त्याला म्हणाली, रडायचं असेल तर चादरींना उशीर झाला म्हणून हॉटेलवाल्याची बोलणी खाल तेव्हा रडा.

मग काय, गल्लीच्या तोंडाला पाणी सुटलं. जे लोक पडद्यांना हसले होते तेच आता गाळावर काठीनं रेघा ओढायला लागले. मास्तरांना तिथं बाग सुचली. टायरवाल्याला गाड्या लावायला जागा. पायाचा घोटा रुतेल असल्या त्या चिखलावर अजून गवताची एक काडी उगवली नव्हती, आणि हद्दी ठरल्या. मॅडम मधे एकदा आल्या, हात जोडून म्हणाल्या की ही जमीन नाही, हा अजून नदीचाच माल आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडमची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि काठ्या पुन्हा बाहेर आल्या.

थोरलीनं जुन्या खाटेचे पाइप रोवून कुंपण घातलं. धाकटीच्या मते ते कुंपण तिच्या हद्दीत हातभर आत आलं होतं. हातभर चिखल! पण धाकटीच्या डोळ्यात तो असा खुपला की दिवसभर इस्त्री फिरवताना तिला शर्टाऐवजी थोरलीचं तोंड दिसायचं. आपणही कुंपण घालायचं, आणि दोन हात पलीकडे घालायचं, असं तिनं ठरवलं. पण खांब कुठले? पडद्याचे बांबू समोरच उभे होते, सरळ, पक्के, फुकटचे.

आपल्या घरासमोरच्या पडद्याला तिनं हात लावला नाही. तेवढी ती शहाणी होती. थोरलीच्या घरासमोरचे काढायचे. तिच्यासमोरचे आहेत, बांबू गेले तर तिचं ती भोगेल. दुपारी थोरली झोपते, थोरला दीर ट्रक घेऊन महिनामहिना बाहेर, बघायला कोण आहे? नवरा एकदा म्हणाला, अगं, मॅडम काहीतरी सांगत होत्या. त्यावर धाकटीनं विचारलं की ज्या बाईला स्वतःच्या शर्टाची चुणी दिसत नाही तिला नदीतलं काय दिसणार. झालं, नवरा निघाला. गुडघाभर पाण्यात उतरून त्यानं बांबू हलवून हलवून उपटले आणि धाकटीनं ते काठावर ओढून घेतले. लांबून बघणाऱ्याला पडदा उभा वाटावा म्हणून टोकाचे चारदोन ठेवले. चटयाही घेतल्या, चादरींखाली अंथरायला बऱ्या.

कुंपण उभं राहिलं, दोन हात पलीकडे. बांबू कुठले म्हणून गल्लीत कुणी विचारलं तर ती बाजारातले म्हणून सांगायची. धाकटी कंबर कसून भांडणाची वाट बघत बसली. तिनं मनात काय काय जमवून ठेवलं होतं, लग्नातल्या मानापानापासून चार गल्ल्यांपलीकडच्या लॉन्ड्रीपर्यंत. थोरली बाहेर आली. कुंपणाकडे बघितलं, बांबूंकडे बघितलं, नदीकडे बघितलं. म्हणाली, छान झालंय, आणि आत गेली. धाकटीला वाटलं, जिरली हिची. त्या दिवशी तिनं मास्तरांची कॉलरसुद्धा खुशीत घासली.

दुसरा पूर पहिल्यापेक्षा फार मोठा नव्हता, हे नंतर सगळ्यांनी सांगितलं. टायरवाल्यासमोरच्या पडद्यानं त्याचं काम केलं. थोरलीच्या काठावर धार फिरकली नाही. पण पुढं गेल्यावर तिला वळवायला काही नव्हतं. रिकाम्या जागेतून ती आत घुसली आणि थेट धाकटीच्या गाळावर आली. धाकटीच्या घरासमोरचा पडदा मागून मार खाऊन आडवा झाला. एका सकाळीत करडी पट्टी गेली, कुंपण गेलं, तारेचे खांब गेले. दुपारी मागच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला आणि धाकटीला पहिल्यांदा मोठ्यानं रडू आलं.

गल्ली धावली. लोकांची जीभ कशीही असो, ओझी उचलायला सगळे आले. सगळ्यात पुढे थोरली होती. तिनं हॉटेलच्या चादरींची गाठोडी डोक्यावरून आपल्या घरात नेली, इस्त्र्या नेल्या, धाकटीच्या नवऱ्याला दंडाला धरून बाहेर काढलं. मागची खोली बसली तेव्हा फार आवाजही झाला नाही. कपाटाचा वरचा कोपरा थोडा वेळ पाण्यावर दिसत राहिला आणि मग तोही गेला. पुढच्या खोलीची एक भिंत तिच्याबरोबरच गेली. इस्त्रीचं टेबल तेवढं वाचलं.

मॅडम रेनकोट घालून आल्या. काठाकाठानं चालत गेल्या, थोरलीच्या घरासमोर थांबल्या, टोकाचे चार बांबू आणि मधली रिकामी जागा बघितली. हे कुणी काढले, असं त्यांनी विचारलं. गल्लीनं जराही वेळ घेतला नाही. ज्याच्या समोरचा पडदा त्यानंच काढला असणार, एवढं गणित मास्तरांनाही येत होतं. सगळ्यांची बोटं थोरलीकडे गेली.

मग मॅडम थोरलीला जे बोलल्या ते त्या ऑफिसात कधी कुणाला बोलल्या नसतील. हा पडदा तुमच्यासाठी नव्हताच, तुमच्या जावेच्या घरासाठी होता, मी दोनदा सांगितलं होतं, आणि तुम्ही चार बांबूंपायी एका बाईचं घर बुडवलंत. थोरली पदर तोंडाला लावून उभी होती. तिनं नाही म्हटलं नाही. टायरवाला म्हणाला, पोटात दुखणं दुसरं काय. शेजारणीनं धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला.

धाकटीला तेव्हा कळलं. नदीकडे बघत, भिजलेल्या अंगानं, तिला परातीतली ती तिरकी काडी दिसली आणि तिच्यामागची वाळू जागच्या जागी राहिलेली दिसली. आपण आपल्या हातानं आपलं घर काढून कुंपणाला लावलं. बोलायला हवं होतं. पण सगळे तिच्यासाठी हळहळत होते, थोरलीला नावं ठेवत होते, जन्मभर तिला हवं होतं ते सगळं एकदम मिळालं होतं. ती मूग गिळून उभी राहिली.

थोरलीनं आपली पुढची खोली रिकामी केली. टेबल तिथं आलं. चार दिवस धाकटी इस्त्री करत होती आणि थोरली आतबाहेर करत होती, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक धाकटीशी गोड बोलून थोरलीकडे तुसड्या नजरेनं बघून जात होतं. थोरली एका शब्दानं बोलत नव्हती. ते गप्प राहणंच धाकटीला सोसेना. पाचव्या दिवशी तिनं इस्त्री उभी केली.

"वहिनी, ते बांबू मी काढले."

थोरली उंबऱ्यात बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

"माहितेय. खिडकीतून बघत होते मी."

धाकटीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग एवढे दिवस शिव्या का खाल्ल्या, असं ती विचारणार होती, पण थोरलीच पुढं बोलली.

"मॅडमचं सगळं ऐकलं होतं मी. कुठला पडदा कुणाचा ते पक्कं कळलं होतं. तू उपटत होतीस तेव्हा दार उघडून एक हाक मारली असती तर झालं असतं. दाराशी आले होते मी. म्हटलं, काढतेय तर काढू दे. स्वतःच्याच घरावर येईल तेव्हा कळेल."

बाहेर पाणी ओसरत होतं. धाकटीच्या तोंडात जन्मभराच्या शिव्या तयार होत्या. तिनं एकेक उचलून बघितली. मत्सरी म्हणावं, तर कोण कुणाला म्हणणार? घरबुडवी म्हणावं, तर घर कुणी बुडवलं? जी उचलावी तिच्यावर दोघींची नावं होती. ती खाली उंबऱ्याशी बसली, थोरलीच्या शेजारी.

मग म्हणाली, "मॅडम उद्या येणारेत. नवे पडदे लावायचेत म्हणे."

"हं."

"त्यांना सांगायला हवं. तुम्हाला फुकट बोलल्या त्या."

"फुकट नाही बोलल्या," थोरली म्हणाली.