फुगायला ठेवलेली जागा

यल्लाप्पानानांनी मला वाचवलं. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहिताना राग येतो, आणि रागाच्या भरात उपकार नीट मांडता येत नाहीत.

नाना म्हटले की प्रथम ऐकू येते ती उपड्या नावेच्या तळावर फिरणाऱ्या त्यांच्या खरवडणीची करकर. संस्थान विलीन झालं, त्याच्या पुढल्या वैशाखातली पंचगंगा. वाळलेल्या शेवाळाचा उग्र दर्प, कढत्या राळेचा धूर, आणि त्या धुरातून पेटल्यासारखा दिसणारा, सदैव कुणावर तरी संतापलेला तो काळा-तांबूस चेहरा. जुन्या डांबराची शेवटची खपली निघेपर्यंत त्यांच्या कपाळावरची शीर उतरत नसे. त्यांचा क्रोध उन्हासारखा होता. भाजायचा, पण कुठला कोपरा कुजू द्यायचा नाही.

मी रत्नागिरीकडचा, चौथीतून शाळा सोडलेला. घाट चढून, मलकापूरवरून येऊन नानांच्या हाताखाली लागलो तेव्हा गावी राहिलेली तीन तोंडं माझ्या वल्ह्याकडे डोळे लावून होती. नाना दोन दिवस तापाने पडले आणि मी शहाणपणा केला. आमच्याकडे पाण्यातून ओढलेल्या ओल्या नावेच्या फटींत सुताची वात ठासून भरतात. ही नाव महिनाभर उन्हात वाळलेली, तरी मी तशीच ठासली, वर राळ फिरवली, आणि तिच्या चकाकीवर स्वतःच खूष झालो.

तिसऱ्या दिवशी नानांनी फटीवरून नख ओढलं. "पावणं, समिंदराची अक्कल हितं नगं! वाळकं लाकूड पानी पिऊन फुगतंय. त्याला जागा ठेवायची की! उपट समद्या वाती."

पण नावेचा ठेकेदार नव्या धोतरात, नारळ घेऊन काठावर उभा. "मुहूर्त टळतोय, यल्लाप्पा. ढकला नाव."

ढकलली. दुसऱ्या सकाळी पहिल्या फेरीला तोच ऐटीत बसला, आणि काठ सोडून थोडं जाताच फुगलेल्या एका फळीचे खिळे उखडले, आत पाणी घुसलं. कमरेइतक्या पाण्यातून धोतर सावरत तो बाहेर आला.

"कुणी भरल्या ह्या फटी?"

मी खाली वाकून नावेचा दोर ओढू लागलो.

"म्या," नाना गरजले. "काल सांगत हुतो, तवा कान कुठं हुतं तुमचं?"

"उद्यापासनं घाटावर दिसायचं नाही!"

नानांनी खरवडणी माझ्या हातात आपटली. "बघतोस काय? फटी उकर आदी." आणि पाठ फिरवून घाट चढून गेले.

ठेकेदाराचा राग अजून येतो. त्याहून अधिक माझ्या मुक्या जिभेचा. नाना इचलकरंजीला लेकीकडे आहेत म्हणतात. नदीकाठचा तो आवाज तिथल्या यंत्रमागांच्या खडखडाटात कसा राहत असेल? नाव आता नानांच्या जागी मी चालवतो. दर वैशाखात तिचा तळ मी त्यांच्याच खरवडणीने खरवडतो, वात बेताने भरतो. एक दिवस त्यांना घेऊन येईन, भरल्या घाटावर माझी चूक माझ्या तोंडाने सांगेन, आणि पैलतीरी असं नेईन की तळव्याला थेंब लागणार नाही. तोवर त्यांच्या बसायच्या फळीवर कुणाला बसू देत नाही. वर्षं पाण्यासारखी आत मुरत जातात, निघून गेलेल्या माणसाची आठवण फुगतच राहते, आणि तिलाही जागा ठेवावी लागते.