झोपलेला डायनॅमो

शालिग्रामांनी चालत्या जनरेटरच्या पत्र्यावर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. प्रेरणा शेजारी मीटर धरून उभी होती. तिनं आधी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मीटरकडे. आकडा मघापेक्षा आणखी खाली आला होता.

“इंजिनाले काही झालं नाही!” ते ओरडले.

आपला आवाज किती मोठा निघतो हे त्यांना आता कळत नसे. उभी हयात लग्नाच्या मांडवांमागं आणि यात्रांमध्ये भाड्याचे जनरेटर चालवण्यात गेली होती. त्या धडधडीनं कान हळूहळू पार निकामी केले. समोरचा माणूस सावकाश बोलला तर ओठांवरून बरंचसं कळायचं. पण लोक सावकाश बोलत नसत आणि दोनदा विचारलं की हसत. म्हणून अलीकडे ते विचारतच नसत.

प्रेरणा त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. “मंग बॅटरी काऊन उतरून राह्यली, आबा?”

“तेच पाहू.”

कालच्या वादळानं साखरखेर्ड्याच्या शिवारातले विजेचे खांब आडवे झाले होते. तिचा नवरा हर्षल ट्रॅक्टर घेऊन खांब उभारणाऱ्यांच्या मदतीला गेला होता. इकडे शेडमध्ये उबवणी यंत्र भरलेलं. गावरान कोंबड्यांची अंडी, आणि त्यांतली काही सकाळपासून चोचीच्या टोकाएवढी फुटू लागलेली. डिझेल भरपूर होतं. पण या जनरेटरची डिझेलची झडप बॅटरीच्या जोरावर उघडी राहायची. बॅटरी पुरती उतरली की झडप मिटणार, इंजिन बंद पडणार, आणि त्याच उतरलेल्या बॅटरीवर ते पुन्हा सुरू होणार नाही. अर्धी बाहेर आलेली पिल्लं कवचातच गार पडतील. तिनं मोबाइलवर हे सगळं लिहून पाठवलं आणि देऊळगाव राजाहून शालिग्राम मिळेल त्या गाडीनं आले.

“ओढणी काढून ठेव. ते पट्ट्यात जाईन.”

तिनं ओढणी खुंटीला अडकवली. इंजिन बंद करून तपासायची सोय नव्हती. जे पाहायचं ते चालत्या मशीनवरच. बॅटरीची टोकं स्वच्छ होती. पट्टा घट्ट होता, न घसरता फिरत होता. त्या पट्ट्यावर फिरणारा छोटा डायनॅमो बॅटरीला वीज पुरवायचा. त्याच्या मागच्या जाड वायरीला तिनं मीटर लावला. तिथंही तोच उतरता आकडा.

“वायर तुटली नाही,” शालिग्राम म्हणाले. “हाच काही देऊन नाही राह्यला.”

त्यांनी खिशातून पेचकस काढला आणि फिरता पट्टा टाळून, त्याचं टोक डायनॅमोच्या मागच्या बाजूला अलगद नेलं. थोडा वेळ तसंच धरलं. मग तो प्रेरणाच्या हातात दिला, तिचं मनगट पकडून त्याच जागी नेलं.

“ओढते का?”

तिनं मान हलवली. काहीच ओढत नव्हतं.

“फिरते, पण झोपेल हाय. याच्या पोटातलं लोखंड चुंबक झालं तं हा वीज करते. अन् चुंबक व्हायले त्याले पह्यले बाहेरून जराशी वीज लागते. ते येऊन नाही राह्यली.”

प्रेरणा विचारात पडली. मग ती पॅनेलकडे वळली आणि बॅटरीचं चित्र असलेल्या एका बारक्या लाल दिव्यावर बोट ठेवून वडिलांकडे पाहिलं.

“चावी फिरवली की हा लागायचा. मशीन चालू झालं की विझायचा. आज लागलाच नाही. मले वाटलं, लाल दिवा नाही, म्हणजे सगळं बरं हाय.”

शालिग्राम तिच्या ओठांकडे पाहतच राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला, आणि हसले.

“त्याच दिव्यातून ते वीज जाते, पोरी! दिवा गेला, रस्ता बंद.”

पिशवीतून त्यांनी वायर जोडलेला बल्ब काढला. एक वायर बॅटरीच्या टोकाला अडकवली, दुसरी डायनॅमोच्या मागच्या बारक्या खिळीला लावली. बल्ब लख्ख पेटला. पेटलेला बल्ब एकदा लवलवला आणि विझला.

“गेला!” ती म्हणाली.

त्यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. पत्र्यावरच्या हाताला इंजिनाची चाल किंचित जड झाल्याचं कळलं होतं. “विझला म्हणजे हा जागा झाला. पाह्य आता,” म्हणून त्यांनी पेचकस पुन्हा तिच्या हातात दिला.

तिनं तो जवळ नेला. कुणी पलीकडून धरावं तसं टोक ओढलं गेलं आणि डायनॅमोला जाऊन चिकटलं. तिनं दचकून तो सोडवला, पुन्हा नेला. पुन्हा चिकटला. मीटरवरचा आकडा वर चढत होता. मघापर्यंत तिथं काहीच नव्हतं. आता त्या बोटभर जागेत काहीतरी होतं, न दिसणारं आणि जोरकस.

“आता हा त्याचं तो पाहून घेईन,” शालिग्राम म्हणाले. “मशीन बंद नको करू फक्त. लाईन आली का लाल दिवा बदलू.”

त्यांनी हात पुसले आणि पिशवी खांद्याला लावली. परतीची गाडी फाट्यावर यायची वेळ झाली होती. प्रेरणानं त्यांच्या बाहीला धरलं आणि त्यांना शेडमध्ये नेलं. उबवणी यंत्राचं दार तिनं थोडंसंच उघडलं. आतून उबदार, ओलसर वारा आला आणि असंख्य बारीक चिवचिवाट. तिनं तडा गेलेलं एक अंडं काढून त्यांच्या ओंजळीत ठेवलं आणि दार लोटलं.

शालिग्राम खाली पाहत राहिले. अंडं हललं. त्यांचे हात एकदम ताठ झाले.

“हे आतून...”

“बोलते,” तिनं ओठ स्पष्ट हलवले. “बाहेर याच्या आधी एकमेकांसंग बोलतात.”

ओंजळ तोंडाजवळ नेऊन त्यांनी जिभेनं टाळूवर हलकासा आवाज काढला, कोंबडी पिल्लांना बोलावते तसा. प्रेरणाला वाटलं, हा आवाज त्यांना स्वतःला कुठं ऐकू येणार. तेवढ्यात अंड्यातून एक धारदार चिवचिव उमटली आणि कवच त्यांच्या तळहातावर थरथरलं. तिनं काही खूण करण्याआधीच ते म्हणाले,

“ओ देल्ली.”

इतकं हळू, की ती शेजारी नसती तर तिला ऐकू आलं नसतं. त्यांनी पुन्हा बोलावलं. पुन्हा ओ आली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि हात मोकळे नसल्यामुळे पुसायचे राहिले.

फाट्यावरून एस.टी.चा हॉर्न आला. प्रेरणानं त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीला हात लावला. अंडं परत मागते आहे असं समजून ते किंचित वळले, ओंजळ छातीशी घेतली.

“थांब ना जराशी,” ते म्हणाले.

तिनं पिशवी त्यांच्या खांद्यावरून हळूच उतरवून घेतली.